कलहारीत आईबाबांना घेऊन तंबूत राहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं चार वर्षांपासून बोत्स्वानात, गाबोरोनेला राहतो. मार्चमध्ये आईबाबा अमरावतीहून येतायत. बाबा वनखात्यात होते, बहुतेक नोकरी मेळघाटात झाली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची मोजणी त्यांनी कितीतरी वर्षं केलीय. आता ६८ वर्षांचे आहेत आणि फोनवर दर वेळी एकच विचारतात, "काळ्या आयाळीचा सिंह दाखवशील ना?" म्हणून सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्हमध्ये, डिसेप्शन व्हॅलीत तीन रात्री राहायचं ठरवतोय.

हे राखीव क्षेत्र साधारण ५२,८०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे गोव्यासारखी चौदा राज्यं मावतील. आत पिण्याचं पाणी, डिझेल, दुकान, मोबाईलची रेंज काहीच नाही. कॅम्पला कुंपण नाही. खड्ड्याचा संडास आणि बादलीच्या शॉवरला आडोसा, एवढंच. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, रात्री पाणी गोठतं, आईला ते झेपणार नाही. शिवाय पाऊस झाल्यावरच डिसेप्शन व्हॅलीच्या जुन्या कोरड्या नदीपात्रात कोवळं गवत येतं, त्यामागे गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही हरणं येतात आणि त्यांच्यामागे सिंह. त्यामुळे मार्चच बरा वाटतो.

पण गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघंच गेलो होतो, तेव्हा माझी चांगलीच घाबरगुंडी उडाली. दोन चाकोऱ्यांच्या मधे गवत बॉनेटपर्यंत वाढलेलं. तासाभरात इंजिनाचा काटा वर चढायला लागला. बॉनेट उघडलं तर रेडिएटरवर कुसळांची गादी बसलेली. नवऱ्याने टूथब्रशने एकेक ओळ साफ केली. मग मी गाडीखाली वाकून पाहिलं, तर सायलेन्सरच्या पाइपाजवळ गवताचा बोळा अडकलेला, एका बाजूने करपून तपकिरी झालेला. अशाने इथे गाड्या पेटल्या आहेत. आता पुढे बारीक जाळी लावलीय आणि दर थोड्या अंतराने खाली वाकून बघतोच. त्याच फेरीत पॅनवरच्या, म्हणजे सपाट उथळ खोलगट जागेतल्या, ओल्या चिकणमातीत तीन तास रुतून बसलो होतो. त्या तीन तासांत एकही गाडी आली नाही.

म्हणून पहिला प्रश्न. सोबत दुसरी गाडी येणार होती, तिचं रद्द झालंय. भाड्याचा सॅटेलाइट फोन, दोन फावडी, वाळूत घालायच्या पट्ट्या आणि १२० लिटर पाणी घेऊन चौघांनी एकाच गाडीने जावं का? की दुसरी गाडी मिळेपर्यंत थांबावं? नवरा म्हणतो जाऊ, माझं मन होत नाही.

दुसरं, तंबू. आमचा तंबू गाडीच्या टपावरचा आहे. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात ती शिडी उतरणं नकोच. जमिनीवर तंबू लावला तर सिंह अगदी जवळ येतात. मागच्या वेळी मी भांडी घासलेलं पाणी टबात तसंच ठेवलं. पहाटे खाली लपलप आवाज आला, उजाडल्यावर टब कोरडा आणि भोवती ओल्या वाळूत पंजाचे ठसे. आता पाण्याचा थेंब बाहेर ठेवणार नाही. बाबा म्हणतात, मी खाली झोपेन, चेन नीट लावली की झालं. आईचं काय? तंबूतच झाकणाची बादली ठेवून कुणी वयस्क माणसांना नेलंय का? प्रत्यक्ष अनुभव सांगा.

तिसरं, बाबांचं इन्सुलिन. दिवसा पारा तिशीच्या वर जातो. गाडीतल्या फ्रिजमध्ये ते गोठून वाया जाईल अशी धास्ती वाटते. हवा कोरडी आहे, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा सावलीत ठेवून भागतं का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तिथे राहून कुणी हे केलं असेल तर नक्की लिहा.

बुकिंगचे पैसे शुक्रवारपर्यंत भरायचे आहेत. त्याऐवजी सेरोवे गावाजवळची खामा राइनो सँक्च्युअरी, म्हणजे गेंड्यांचं अभयारण्य, मला माहीत आहे. तिथे राहायला पक्क्या खोल्या आहेत, आईला आवडेलही. पण तिथे सिंह नाहीत, आणि बाबांना ते मी अजून सांगितलेलं नाही.