ॲपवर आकडा तोच, मग सकाळी घसा आणि दुपारी छाती का धरते?

हौशी_धावक
मला दमा नाही, सिगारेट कधी ओढली नाही. सकाळी मोठ्या रस्त्याच्या कडेने पळालो की घसा खवखवतो, खाकरल्यावर काळपट कफ पडतो. सुट्टीच्या दिवशी ऊन चढल्यावर रस्त्यापासून लांब, मोकळ्या टेकडीवर पळतो. तेव्हा घसा ठणठणीत, पण खोल श्वास घेतला की छातीच्या मधोमध चरचरतं आणि कोरडा खोकला लागतो. दोन्ही वेळी ॲपवरचा हवेचा निर्देशांक जवळपास सारखाच. मनाचे खेळ म्हणायचे का?
दुसरं, वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी रहदारीच्या रस्त्यावर फिरायला जाऊ नका म्हणून बजावलंय. धुराचा फुप्फुसांशी संबंध कळतो, पण हृदयाशी काय?

अर्धविराम
एन95 मास्क लावा आणि पळा. एवढा विचार केला तर श्वास घेणंच बंद करावं लागेल.

फुंकर_ताई
छातीच्या ओपीडीत 'फुंका, फुंका, अजून, सोडू नका' असं दिवसभर ओरडणारी एक बाई असते ना, ती मी. पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी फुंकायची चाचणी करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

मनाचे खेळ नाहीत. बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा तेवढा जाहीर करतात. त्यामुळे आकडा सारखा दिसला तरी सकाळी तो धुळीचा असू शकतो आणि दुपारी ओझोनचा. ॲपमध्ये खाली पीएम10 (जाडे-बारीक धूलिकण), पीएम2.5 (फक्त बारीक कण), एनओ2 (नायट्रोजन डायऑक्साइड), ओ3 (ओझोन) असे वेगवेगळे आकडे असतात, ते बघत चला.

सकाळची हवा थंड, जमिनीला धरून बसलेली. धूर वर जातच नाही. त्यातले जाडे कण नाका-घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. तुमची खवखव आणि काळा कफ बहुतेक त्यांचाच. तो निदान बाहेर तरी पडतो. 2.5 मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण (आपला केस साधारण 70 मायक्रोमीटर जाड) थेट वायुकोशांपर्यंत (फुप्फुसांच्या टोकाच्या हवेच्या पिशव्या) उतरतात आणि तिथे काही खवखवतही नाही. मला जास्त भीती या न जाणवणाऱ्यांची वाटते.

टेकडीवरचा गडी वेगळा. ओझोन कुठल्याच सायलेन्सरमधून निघत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधन-रंगांसारख्या गोष्टींची वाफ यांच्यावर ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो, म्हणून दुपारी वाढतो. गंमत म्हणजे भर रहदारीत तो कमी असतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला संपवतो. मोकळ्या जागी तो टिकतो. पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाकात न अडकता खोल जातो आणि श्वासनलिकांतल्या नसांची टोकं चिडवतो. मग पूर्ण श्वास आत घेताच येत नाही. मशीनवर अशा माणसाची फुंकर कमी भरते. जोर कमी म्हणून नाही, मुळात आत हवा कमी गेलेली असते म्हणून. सल्फर डायऑक्साइडचं उलट आहे, तो नाकातच बराचसा विरघळतो. पण पळताना आपण तोंडाने श्वास घेतो आणि नाकाचा हा पहारा चुकतो. दमेकऱ्याच्या नळ्या त्याने काही मिनिटांत आवळतात, इनहेलरचा पंप काढावा लागतो.

आता वडिलांचं. बारीक कणांनी वायुकोशांत सूज येते आणि तिचे परिणाम रक्तात उतरतात. रक्त गुठळी धरायला सोकावतं, रक्तवाहिन्या आकसतात, ठोक्यांची लय बिघडू शकते. अगदी सूक्ष्म कण स्वतःच रक्तात शिरतात. हार्वर्डच्या लोकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. 1993 साली निष्कर्ष आला: सगळ्यात मळक्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्क्यांनी जास्त, तेही सिगारेट वगैरेंचा हिशोब वजा करून. त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. तुमचे डॉक्टर उगाच बजावत नाहीत.

हौशी_धावक
धन्यवाद ताई. मग मास्कचं काय? आणि वडिलांना फिरायला पाठवायचं तरी कुठे?

फुंकर_ताई
एन95 कण अडवतो, वायू नाही. ओझोन त्यातून आरामात जातो. म्हणजे सकाळच्या रस्त्यावर तो कामाचा, दुपारच्या टेकडीवर शोभेचा. शिवाय घट्ट बसला नाही तर कडेने सगळं आत येतं.
वडिलांना रस्ता सोडून आत न्या. गाड्यांचा धूर दोनेकशे मीटरवर बराच विरळ होतो. उन्हाचे दिवस असतील तर तुम्हीही पळणं दुपारवरून सकाळवर आणा, फक्त मोठा रस्ता टाळून.

सूर्यफूल
घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पडून आहे. पळून आल्यावर त्यात काही कळेल का?

फुंकर_ताई
नाही. सूज आली तरी ऑक्सिजन सहसा छान दिसतो. आणि कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तर हे यंत्र चक्क खोटं बोलतं. तो वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू आहे, घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बोटावर 98 दिसतंय, तर आकडा बघत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, मग मोकळ्या हवेतून रुग्णवाहिकेला फोन करा.