मदत हवी आहे: टिक्का .३०८ रायफलवर कुठला स्कोप (नेमाची दुर्बीण) लावू? (जंगल दाट, अंतर कमी)

नमस्कार मंडळी,

लिहीन लिहीन म्हणता सहा महिने गेले, आज बसलोच. मी पेन्सिल्वेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो, हरणाच्या शिकारीला जायला लागून तीनच सीझन झालेत, म्हणजे तसा नवखाच. रायफल टिक्का टी३एक्स लाइट, .३०८ काडतुसाची. तिच्याबद्दल एका अक्षराची तक्रार नाही, बोल्ट एका बोटाने मागेपुढे होतो, चाप स्वच्छ सुटतो, वजन तीन किलोच्या आसपास, त्यामुळे दिवसभर चढउतार केली तरी खांदा भरून येत नाही. प्रश्न तिच्यावरच्या स्कोपचा आहे.

झालं असं की रायफल घेतली तेव्हा पैसे संपत आले होते आणि सेलमध्ये एक ६-२४×५० (६ ते २४ पट झूम, पुढची काच ५० मिमी) दिसला. कंपनीचं नाव घेत नाही. मला वाटलं झूम जितकं जास्त तितकं चांगलं, घेऊन टाकला. पाऊण किलोचं धूड आहे ते, रायफल हातात घेतली की वरच्या वर कलते, आणि ५० ची पुढची काच म्हणून स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागल्या तर आता गाल दस्त्याला टेकतच नाही, मान उचलून बघावं लागतं.

गेल्या सीझनचा पहिला दिवस, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. पॉटर काउंटीत आमच्या शेजारच्या आजोबांचा कॅम्प आहे, तिथे होतो. दुपारभर समोरची डोंगराची धार न्याहाळत बसलो म्हणून स्कोप १६ वर फिरवून ठेवलेला, आणि मग तसाच राहिला. सूर्य मावळून दहा मिनिटं झाली असतील (आमच्याकडे मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंत चालतं), हेमलॉकच्या झाडीतून एक हरीण बाहेर आलं, ४० यार्डांवर. नुसत्या डोळ्यांना व्यवस्थित दिसत होतं. रायफल खांद्याला लावली आणि स्कोपमध्ये फक्त तपकिरी केस. केस आणि एक फांदी. पुढचा पाय कुठला, मान कुठली काही कळेना, शिंगं तर दिसलीच नाहीत, आणि आमच्या भागात नराच्या एका बाजूला निदान ३ टोकं असल्याशिवाय मारता येत नाही. झूमची रिंग फिरवायला हात वर नेला तेवढ्यात ते शेपटीचा पांढरा झेंडा उभारून गेलंसुद्धा. गोळी झाडली नाही याचं समाधान आहे, पण ते तपकिरी केस अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात ९० यार्डांवर एक स्वच्छ संधी मिळाली, ओंडक्यावर टेकून आरामात नेम धरला, आणि पूर्ण चुकलो. जाऊन बघितलं, रक्ताचा थेंब नाही, केस नाहीत, तासभर शोधलं. घरी येऊन रेंजवर कागद लावला तर गोळ्या सात इंच डावीकडे! ऑगस्टमध्ये मी स्वतः झिरो केली होती (म्हणजे नेम तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवला होता). नशीब की सगळीच चुकली, पोटात लागली असती तर ते बिचारं रात्रभर तडफडलं असतं आणि दोष माझा होता.

आजोबांकडे रेमिंग्टन ७६० आहे, पंपवाली (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची), .३०-०६, आणि तिच्यावर जुना वीव्हर के४, म्हणजे कायमचा ४ पट, फिरवायला काही नाहीच. आमच्या राज्यात हरणाला सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) चालत नाही म्हणून ह्या पंप रायफली इथे घरोघरी. त्यांनी तीच जोडी चाळीसेक वर्षं वापरलीये. संध्याकाळी मी तिच्यातून बघितलं तर माझ्यापेक्षा जास्त दिसतंय, जुनी काच असून. ते कसं काय हे कोणी समजावून सांगेल का?

तर बजेट ५०० डॉलरच्या आत, रिंगा धरून. अंतर बहुतेक ३० ते १२० यार्ड, क्वचित समोरच्या धारेवर २००. डोक्यात ३-९×४० आणि २-७×३३ असे दोन आहेत. तुमची स्वतःची आवडती जोडी कुठली आणि का, तेही लिहा, मला वाचायचंय.

(माझे आजोबा कुडाळकडचे. रानडुकरं आणि माकडांसाठी ठासणीची बंदूक, पीक संरक्षणाचा परवाना, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. माशीवरून नेम धरायचे, दुर्बीण त्यांनी कधी बघितली नाही. मी लहानपणी नुसती उचलून बघितलीये ती.)

डोंगरवाट:
भाऊ, आधी नवीन स्कोप विकत घेऊ नकोस, आधी स्क्रू तपास. सात इंच सरकली म्हणजे दहापैकी सात वेळा काच नाही, बेस (रिंगांखालची बैठक) नाहीतर रिंग ढिली असते. .३०८ इतक्या हलक्या रायफलमध्ये चांगला धक्का देते आणि वर पाऊण किलोचं वजन, प्रत्येक बाराला ते वजन जागेवर राहायला बघतं आणि रायफल मागे येते, सगळा ताण रिंगांवर. टॉर्क रेंच घे, रिंगांच्या वरच्या स्क्रूना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, पण ज्या कंपनीच्या रिंगा त्यांनी काय आकडा दिलाय तो बघ. अंदाजाने पिळू नको, जास्त पिळलं तर नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. पिळताना आलटूनपालटून, एका बाजूचा अर्धा फेरा मग दुसऱ्या बाजूचा.

मग रेंजवर जाऊन चौकोन काढ. म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून तीन गोळ्या, मग स्कोपची चकती २० क्लिक वर फिरवून तीन गोळ्या, २० उजवीकडे, तीन, २० खाली, २० डावीकडे. पाव एमओएची (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) क्लिक असेल तर १०० यार्डांवर २० क्लिक म्हणजे पाच इंचांच्या जरा वर. शेवटच्या गोळ्या पहिल्या भोकांवर परत आल्या तर स्कोप ठीक, नाही आल्या तर तो जंगलात न्यायच्या लायकीचा नाही.

आता आजोबांच्या वीव्हरचं. पुढच्या काचेचे मिलिमीटर भागिले पट, येतं ते डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. तुझा ५० भागिले १६ म्हणजे ३ मिमी. अंधारात माणसाची बाहुली जास्तीत जास्त ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. म्हणजे तुझा डोळा उघडा होता पण स्कोप त्याला सुतळीएवढा उजेड देत होता. ४ पटीवर साधी ३० ची काच असली तरी साडेसात येतात, डोळ्याला घेता येईल तेवढं सगळं. आणि १६ वर १०० यार्डांवर सहा-सात फूट रुंदीच दिसते, ४० यार्डांवर अडीच-तीन फूट. अख्खं हरीण त्यात मावणारच नाही, केसच दिसणार.

माझी जोडी: मार्लिन ३३६, .३०-३० आणि वर १-४ पटीचा छोटा स्कोप. विंचेस्टर ९४ ची जुनी मॉडेलं रिकामं काडतूस वरून फेकतात म्हणून स्कोप बाजूला लावावा लागतो, मार्लिन उजवीकडे फेकते, स्कोप नळीच्या अगदी जवळ बसतो, खांद्याला लावली की डोळा थेट काचेत.

टेक्सासकर:
मी उलटं सांगणारे, रागावू नका. आमच्याकडे ऑस्टिनच्या पश्चिमेला बॉक्समध्ये (शिकाऱ्याच्या बंद खोपटात) बसायचं, समोर झुडपं कापून केलेला सरळ पट्टा, दीड-दोनशे यार्डांवर हरणांसाठी मका टाकणारा फीडर. त्यामुळे माझी रुगर अमेरिकन ६.५ क्रीडमूरमध्ये आणि वर ४-१६ चा व्होर्टेक्स, आणि मला तो १० वर रोज लागतो. पण तुझं जंगल तसं नाही. जोडी रायफलची आणि स्कोपची नसतेच खरी, रायफल, स्कोप आणि जागा अशी तिघांची असते.

एक विनंती. तू लिहिलंस की दुपारभर स्कोपमधून धार न्याहाळली. ते करू नकोस. स्कोपमधून ज्याच्याकडे बघतोस त्याच्यावर नळी रोखलेली असते, आणि पहिल्या शनिवारी त्या धारेवर किती नारिंगी जाकिटं, म्हणजे शिकारी, असतील विचार कर. ८×४२ ची गळ्यात अडकवायची दुर्बीण घे. बजेट ५०० असेल तर त्यातले दीडशे तिकडे टाक आणि स्कोप स्वस्त घे. मी हे मनापासून सांगतोय.

धागाकर्ता:
@टेक्सासकर, दादा हे वाचून अंगावर काटा आला. खरंय, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुर्बीण नक्की घेतो.

दक्षिणबेट:
न्यूझीलंडहून लिहितेय. इथे टिक्का म्हणजे गावोगाव, मी आणि नवरा दोघांकडे तीच, माझी ७ एमएम-०८ आणि त्याची .३०८. दोन्हींवर लूपोल्ड ३-९×४०. इथे हरीण मूळचं नाही, बाहेरून आणून सोडलेलं, रान खाऊन टाकतं म्हणून सरकारी जमिनीवर फुकट परमिट मिळतं आणि लाल हरणाला संख्येची मर्यादाच नाही. आणि आपल्या हिमालयातला थार (रानबोकडासारखा प्राणी) इथे १९०४ साली माउंट कुकजवळ सोडला, तो आज इथल्या कड्यांवर आहे. त्याच्यामागे गेलं की ३०० यार्ड सहज, तिथे ९ पट लागतात. पण बीच नावाच्या झाडांच्या दाटीत सिका हरणाच्या मागे गेले की मी ३ वर ठेवते ते संध्याकाळपर्यंत ३ वरच. कारण वेळ मिळाला तर झूम वाढवता येतं, कमी करायला वेळ कधी मिळत नाही. तुमच्या ४० यार्डांच्या हरणाने तेच केलं ना?

हलक्या रायफलवर हलकाच स्कोप शोभतो. तुमचा आहे त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा येईल. आणि गालाचं सांगते, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं तर रिंगांची उंची बरोबर. कड काळी दिसली तर चूक. जाड जाकीट घालून करा हे, टीशर्टवर नको, कारण थंडीत दस्ता एक इंच लांब झाल्यासारखा होतो आणि डोळा मागे जातो.

नवाप्रवासी:
विषयांतर होतंय पण विचारतो, मी एच-१बी वर आहे, मला रायफल घेता येते का?

डोंगरवाट:
@नवाप्रवासी, ग्रीन कार्डवाल्याला येते. एच-१बी सारख्या व्हिसावर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, त्यातले जे मोजके अपवाद आहेत त्यात चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स हा एक. म्हणजे क्रम असा, आधी हंटर सेफ्टीचा कोर्स, मग लायसन्स, मगच दुकान. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला आणि रायफल मात्र घरात, हे विसरू नकोस. ग्रीन कार्डची फाईल चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नको.

धागाकर्ता:
मंडळी, अपडेट देतो. शनिवारी रेंजवर गेलो. आधी स्क्रू बघितले, मागच्या रिंगेचे दोन वरचे स्क्रू नखाने फिरत होते! एवढं करून मी सीझनआधी एकदाही हात लावला नव्हता. रेंचने बसवले, मग चौकोन काढला. वर गेल्या, उजवीकडे गेल्या, खाली येताना मात्र २० क्लिकांत तीनच इंच आल्या, आणि पुढचा बार केल्यावर उरलेल्या दोन इंच आपोआप उतरल्या. म्हणजे स्क्रूही ढिले आणि स्कोपही अडकतो. दोन्ही.

२-७×३३ घ्यायचं नक्की केलं. दुकानात दोन्ही हातात घेऊन बघितले, २ वर ठेवलं की १०० यार्डांवर ४० फुटांच्या आसपास दिसतं, आणि टिक्कावर तो इतका खाली बसतो की गाल टेकला की झालं. मालकाने दुकान बंद करायच्या वेळी मला बाहेर पार्किंगमध्ये नेऊन पलीकडच्या झाडीत बघू दिलं (रायफल नाही, नुसता स्कोप), पानं दिसत होती. वाचलेल्या पैशांत ८×४२ दुर्बीण आली.

आता शेवटचा प्रश्न. टिक्काच्या वरच १७ मिमीचा खाचेचा रूळ येतो, त्यावर थेट बसणाऱ्या रिंगा घेऊ, की वरून पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) स्क्रूने बसवून त्यावर साध्या रिंगा? थेट घेतल्या तर अजून खाली बसेल आणि जोड एक कमी. पण धक्क्याने त्या खाचेत मागेपुढे सरकतात का, कोणाचा अनुभव?

दक्षिणबेट:
थेट घ्या. माझ्या सहा वर्षं त्यावरच आहेत. टिक्काला वर एक छोटं भोक असतं, त्यात रिंगेची खुंटी बसते अशा रिंगा मिळतात, त्या बघून घ्या, मग सरकायचा प्रश्नच नाही. बसवायच्या आधी खाच आणि रिंगा दोन्हींचं तेल पुसून कोरडं करा. आणि स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, रेंजवर जायच्या आधीच कळतं.

डोंगरवाट:
रेघेची युक्ती भारी आहे ताई, मी पण करणार. धागाकर्त्या, झिरो १०० यार्डांवर दीड इंच वर ठेव, १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीला तुझ्या सगळ्या अंतरांना छातीवर सरळ नेम धरता येईल, २०० वर इंचभर खाली जाईल, बास. आणि सीझनला जी गोळी वापरणार तिच्यावरच झिरो कर, स्वस्तातल्या सरावाच्या गोळीवर नको.

धागाकर्ता:
खुंटीवाल्या रिंगा मागवल्या. नेलपॉलिश बायकोकडून घेतलंय, लाल. गुरुवारी सामान येतंय, रविवारी कागदाचा फोटो टाकतो.