मदत हवी आहे: फॉक्सप्रोतल्या कृतिदेव नोंदी पोस्टग्रेसमध्ये कशा न्याव्यात? (इंदूर)

छत्रीबाग: नमस्कार. इथल्या एका सरकारी रुग्णालयाची ओपीडी-आयपीडी नोंदणी अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीवर चालते. सुमारे ४ लाख नोंदी आहेत. नाव, पत्ता, निदान सगळं हिंदीत, कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये. पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसमध्ये आयात केलं की नावांच्या जागी रोमन अक्षरं दिसतात. नेटवरच्या कन्व्हर्टरने नावं सुधारतात, पण औषधांची नावं बिघडतात. नोंदणी क्रमांक दरवर्षी १ पासून सुरू होतो. जुना पर्चा (केसपेपर) घेऊन आलेल्याची नोंद सापडलीच पाहिजे. कामाचा क्रम कसा ठेवावा? आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमांसाठी डिस्कवर जागा किती धरावी?

तुकोगंज: सर्वांत आधी, रुग्णांची नावं नेटवरच्या कन्व्हर्टरमध्ये टाकणं आजच थांबवा. तो डेटा रुग्णालयाबाहेर जातो. रूपांतराची स्क्रिप्ट स्वतःच्याच मशीनवर चालवा.

सगळ्यांचं लॉगिन बंद करून डीबीएफ (मुख्य टेबल) फायलींसोबत एफपीटी (मेमो म्हणजे लांब मजकूर) आणि सीडीएक्स (अनुक्रमणिका) फायलीही कॉपी करा. एफपीटी राहिली तर मेमोतलं निदान गेलं. फॉक्सप्रोत खोडलेली नोंद पॅक (कायमची साफ) करेपर्यंत फायलीतच असते. तीही आणा, वेगळी खूण लावून. नाहीतर दोन्हीकडची संख्या जुळणार नाही.

कृतिदेवमध्ये 'राम' म्हणजे टेबलात जे, के, ई ही तीन अक्षरं. फॉन्टमुळे ती फक्त राम दिसतात. म्हणून आयात झाल्यावर अक्षरं तशीच दिसणार, त्यात पोस्टग्रेसचा दोष नाही. औषधं साध्या इंग्रजीत टाइप केलेली आहेत, त्यांवर तेच रूपांतर चाललं की कचरा होतो. कोणता रकाना कृतिदेवचा, हे आधी ठरवा. मिश्र रकाने नमुना काढून डोळ्यांनी तपासा. मूळ मजकूर वेगळ्या रकान्यात कायम ठेवा, तो कधीही पुसू नका.

नुसती अक्षरबदली पुरत नाही. 'किशोर'मधली ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी साठवलेली असते, 'शर्मा'तला रफार अगदी शेवटी. दोन्हींची जागा बदलावी लागते. शेवटी सगळं एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा. 'राठौड़'मधला ड़ कुठे एका कोडचा, कुठे ड अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा असतो आणि शोध फसतो.

प्राथमिक किल्ली (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) नवी, अर्थहीन क्रमांकाची द्या. जुना क्रमांक वर्षासकट वेगळ्या रकान्यात, म्हणजे पर्च्यावरून नोंद निघेल. आभा या सरकारी आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे, त्याला किल्ली करू नका.

नंदलालपुरा: गावांची नावं राहिली. महू आणि डॉ. आंबेडकरनगर एकच, पण नोंदीत दोन्ही सापडतील. त्यासाठी एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा क्रमांक) लावा. वयही तपासा: जन्मतारीख नसेल तर वयासोबत नोंदणीची तारीख हवीच, नाहीतर २००९ सालचा ६ वर्षांचा मुलगा आजही ६ चाच दिसेल.

छत्रीबाग: फार मोलाचं. सीटीचं सांगाल का?

तुकोगंज: एक छेद (स्कॅनची एक प्रतिमा) ५१२ × ५१२ बिंदूंचा, प्रत्येक बिंदू १६ बिटांचा, म्हणजे अर्धा एमबी. ५०० छेदांची तपासणी २५० एमबी, रोज ४० तपासण्या झाल्या तर १० जीबी, वर्षाला साडेतीन टीबीच्या वर. प्रतिमा डेटाबेसमध्ये भरू नका. ऑर्थँकसारख्या डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाण) सर्व्हरवर ठेवा, पोस्टग्रेसमध्ये फक्त स्टडी यूआयडी, म्हणजे त्या तपासणीचा ओळख क्रमांक.

रेड (एकत्र जोडलेल्या अनेक डिस्का) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं रेडवरूनही पुसलं जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा कामकाज हाताने चालवावं लागलं. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत असावी. दर महिन्याला ती रिकाम्या मशीनवर उघडून ५० रुग्णांची नोंद जुन्या पर्च्यांशी ताडा. सगळं नीट जुळेपर्यंत फॉक्सप्रो फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवा.