मदत हवी आहे : नर्सिंग पदवीतील औषधमात्रेची गणिते

सर्वांना नमस्कार. मी ब्रिटनमध्ये अ‍ॅडल्ट नर्सिंगच्या तीन वर्षांच्या पदवीचे शिक्षण घेत आहे. येथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नियमानुसार थिअरी आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा यांचे प्रत्येकी किमान २,३०० तास पूर्ण करावे लागतात; त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण वॉर्डात रुग्णाजवळ राहून जे कळते ते वर्गात कळत नाही.

माझी अडचण औषधमात्रेच्या गणितांची आहे. या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी १०० टक्के गुण लागतात, आणि ते मला योग्यच वाटते. १,००० मिली सलाइन ८ तासांत, प्रति मिली २० थेंब सोडणाऱ्या सेटमधून (सलाइनच्या नळीतून) द्यायचे असल्यास मिनिटाला सुमारे ४२ थेंब, हे मी कागदावर नीट काढते. परंतु रुग्णाच्या वजनानुसार मात्रा ठरवून तिचे मायक्रोग्रॅमवरून मिलिग्रॅममध्ये आणि पुढे मिली प्रतितासात रूपांतर करताना, विशेषतः बारा तासांच्या शिफ्टनंतर अभ्यासाला बसल्यावर, दशांशचिन्हाबद्दल मनात खात्री उरत नाही.

ज्यांनी ही पदवी पूर्ण केली आहे, त्यांनी कृपया सांगावे : प्लेसमेंट (वॉर्डातील प्रत्यक्ष कामाचा टप्पा) चालू असताना या गणितांचा सराव आपण कधी आणि कसा करीत होता? सूत्र पाठ करणे बरे, की आधी उत्तराचा ढोबळ अंदाज बांधून मग आकडेमोड करणे?