सातव्या मजल्यावरची तापलेली बेडरूम : सी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

सी-७०२ : नमस्कार मंडळी. टॉप फ्लोअरवाल्यांना विचारायचं होतं. बेडरूम १० बाय १२, खिडकी पश्चिमेला, एसी १ टनाचा इन्व्हर्टर. रात्री १० वाजता १८ वर लावतो, पंखा ५ वर. तरी १२ वाजेपर्यंत गार वाटत नाही. दीड टनाचा घ्यावा का?

बी-६०४ : गॅस संपला असणार. भरून घ्या, दर उन्हाळ्यात भरावाच लागतो.

सी-५०१ : दादा, गॅस संपायला तो काही पेट्रोल नाही. बंद नळीत तोच तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा फ्लेअर नटच्या (तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्या नटच्या) जोडावर. दरवर्षी 'टॉप अप' करून जाणारा गळती तशीच ठेवून जातो. आधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, जोड दुरुस्त, मग व्हॅक्यूम पंप लावून नळी कोरडी करायची आणि मगच गॅस, तोही वजन करून. व्हॅक्यूम न करता भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

७०२, पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. एसीच्या जाळ्या (फिल्टर) धुवा. मग एसी १८ वर, ब्लोअर फुल, २० मिनिटं चालू द्या. साधा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी धरा, जिथून हवा आत ओढली जाते, नंतर खालच्या झडपेपाशी. दोन्ही आकडे कळवा.

सी-७०२ : वर ३३, खाली २२.

सी-५०१ : ११ चा फरक. साधारण ८ ते १२ असेल तर मशीन आपलं काम करतंय. ५-६ च असता तर गॅस किंवा बाहेरच्या युनिटची धूळ बघितली असती. आतल्या कॉइलवर बर्फ दिसला तर आधी जाळी तुंबली आहे का बघायचं, नंतर गॅस.

तुमच्याकडे दोष मशीनचा नाही, तापलेल्या स्लॅबचा आहे. दुपारभर उन्हात भाजलेल्या काँक्रीटची उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणजे बाहेर गार वारं सुटतं तेव्हा तुमचं छत सगळ्यात जास्त तापलेलं असतं. स्टुलावर चढून छताला हात लावा (पंखा बंद करून!). त्यात सीलिंग फॅन ५ वर. छताखाली साचलेली गरम हवा तो खरवडून पलंगावर आणून टाकतो आणि एसी तीच हवा पुन्हा पुन्हा गार करत बसतो.

सी-७०४ : मग पंखा बंदच ठेवायचा का? आमच्या सासूबाईंना पंख्याशिवाय झोप येत नाही.

सी-५०१ : बंद नको ताई. सीलिंग फॅन १ वर, किंवा तो बंद करून टेबल फॅन पायाकडून अंगावर आडवा. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो म्हणून अंग गार होतं. जुना सीलिंग फॅन ७०-८० वॅट घेतो, ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. रिकाम्या खोलीत पंखा लावून 'खोली गार करत ठेवणं' हा उलटा धंदा आहे. हां, पण अंगावर वारा असेल तर एसी २६-२७ वर पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला हाच, २७ आणि जोडीला पंखा, खोली ४ अंशांनी गार वाटते. बीईईच्या (एसीला स्टार देणाऱ्या सरकारी ऊर्जा संस्थेच्या) हिशोबाने एक अंश वर नेला की वीज ६ टक्क्यांच्या आसपास वाचते. २०२० पासूनच्या स्टारवाल्या एसीत सुरुवातीला २४ दिसतं ते त्यांच्याच नियमाने.

आणि १८ वर लावल्याने लवकर गार होत नाही. खोली ३३ असताना कॉम्प्रेसर २४ वरही तेवढाच जीव तोडून पळतो.

बी-३०२ : कूलर आणि एसी एकत्र लावला तर?

सी-५०१ : नाही. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि एसीची बरीच ताकद त्या पाण्याचे थेंब करून ड्रेन पाइपमधून सोडण्यात जाते. नुसता कूलर पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चालतो, वळवाचे ढग आले की संपलं. नागपूरला जो मजा देतो तो मुंबईत फक्त चादरी ओल्या करतो.

सचिव : टाकी सफाई उद्या ११ ते १. पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या 🙏

सी-७०४ : संध्याकाळचं मी सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. पुण्यात उन्हाळ्यात ८ च्या सुमाराला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार होते. तोवर खिडक्या बंद, नंतर उघड्या. टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेर. लोक तोंड आत करतात. बाहेर केलं की खोलीतली गरम हवा ढकलली जाते आणि समोरच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. खिडकीला चिकटवू नका, फूट-दीड फूट मागे ठेवा, म्हणजे आजूबाजूची हवाही तो ओढून नेतो. उंच स्टुलावर ठेवला तर आणखी चांगलं, गरम हवा वरच असते. समोरची खिडकी उघडी नसेल तर काही उपयोग नाही. आणि डासांची जाळी धुवा! धूळ भरलेल्या जाळीतून वारा येतच नाही. १० ला सगळं बंद करून मग एसी.

पश्चिमेच्या काचेला जाड पडदा आतून लावलात तर ऊन काचेतून आत आल्यावर अडतं, तोवर उष्णता आलेली असते. बांबूची चिक किंवा हिरवी नेट बाहेरून लावा, दुपारी २ च्या आधी सोडा.

सी-७०१ : गच्चीवर रोज पाणी मारलं तर?

सी-५०१ : टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे बोलू नका 😄 शिवाय कोब्याला तडा असेल तर पाणी खाली झिरपेल. पांढरं करा. स्वस्तात चुना : रात्रभर भिजवायचा, फडक्याने गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल, म्हणजे हाताला लागत नाही. आधी शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, गच्ची धुवा, ओलसर असतानाच पहिला हात, वाळल्यावर आडवा दुसरा. पावसाळ्यात निघून जातो, दर मार्चला पुन्हा. कूल रूफ पेंट काही वर्षं टिकतो, पण धूळ बसली की पांढरेपणा आणि फायदा दोन्ही जातात, झाडून-धुऊन ठेवावा लागतो. पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं असेल तेव्हा वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचं) घ्या. शेडनेट लावाल तर स्लॅबवर अंथरू नका, ५-६ फूट वर ताणा, खालून वारा गेला पाहिजे.

सचिव : चुन्याला हरकत नाही. शेडनेटच्या पाइपसाठी गच्चीत भोकं पाडायची नाहीत, वॉटरप्रूफिंग फुटतं. वजनी कुंडीत पाइप उभा करा.

बी-६०४ : आमचा पंखा ५ वरही रेंगाळतो, तो पण स्लॅबमुळे का? 😅

सी-५०१ : पंख्याचा कंडेन्सर (कपॅसिटर) उतरलाय. १२०० एमएमच्या साध्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावरचा आकडा वाचून तेवढाच आणा. मोठा घातला तर मोटर तापते. नुसता स्विच बंद करून हात घालू नका, मेन बोर्डातला एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा. बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवा) पंखा असेल तर हे लागू नाही, त्यात सर्किट असतं.

सी-७०२ : म्हणजे दीड टन नको?

सी-५०१ : आधी चुना, चिक आणि टेबल फॅन. आठवडाभराने पुन्हा बघा. तरीही नाही भागलं तर टॉप फ्लोअरच्या १२० चौरस फुटांना दीड टन चुकीचा नाही. पण तेव्हा त्या पॉइंटला वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी आहे का बघून घ्या. आत्ताच्या १६ अँपिअरच्या प्लगला तासभर एसी चालल्यावर बाहेरून हात लावा. चांगलाच गरम लागला किंवा पिनांच्या तोंडाशी काळं दिसलं तर आजच सॉकेट बदला. एक्स्टेंशन बोर्डावर एसी अजिबात नाही.

सी-७०४ : आणि दुपारी लाईट जाते तेव्हा? सासूबाई त्याच खोलीत असतात.

सी-५०१ : त्यांना खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी बसवा. इन्व्हर्टरवर पंखा चालला तरी खोलीचा पारा ४० च्या वर असेल तर तो पंखा अंगावर गरम झोतच मारतो. तेव्हा ओल्या फडक्याने हात, मान, पाय पुसत राहायचं, पाणी थोडं थोडं देत राहायचं. बोलणं असंबद्ध झालं किंवा गुंगी आली तर वाट बघू नका, १०८ ला फोन.

सी-३०४ : ताई, आमच्याकडे पाठवा आईंना. दुपारी मी घरीच असते.

सचिव : गच्चीची किल्ली वॉचमनकडे, रविवारी सकाळी ७ ला. ब्रश कुणाकडे आहेत ते कळवा.