व्हीपीएन सापडलं, पण अडवायचं कशाला?

फोनवर व्हीपीएन (फोनची इंटरनेट वाहतूक आपल्यातून नेणारी खाजगी जोडणी) चालू असेल तर ते ओळखून आपल्या अँड्रॉइड ॲपमधलं लॉगिन कसं अडवायचं, असं तुम्ही विचारलंय. वर 'टन-झिरो' (tun0) इंटरफेस, म्हणजे व्हीपीएन चालू असताना फोनमध्ये सहसा दिसणारी आभासी नेटवर्क जोडणी, शोधायचा सल्ला आलाय, पण इंटरफेसचं नाव वेगळं निघालं की ती युक्ती फसते. अँड्रॉइड 6 पासून कनेक्टिव्हिटी मॅनेजरकडून (नेटवर्कची माहिती देणारी अँड्रॉइडची सोय) चालू नेटवर्क घ्या, त्याच्या कॅपेबिलिटीजमध्ये, म्हणजे गुणधर्मांच्या यादीत, 'ट्रान्सपोर्ट व्हीपीएन' आहे का बघा. राउटरवरचं व्हीपीएन मात्र असं दिसत नाही.

आता खरं सांगू का भाऊ, लातूरच्या आडतीतले सोयाबीनचे भाव दाखवणाऱ्या ॲपला ही उठाठेव कशाला? जाहिराती अडवणारी कित्येक ॲप्स फोनमध्येच व्हीपीएन उघडतात. डेटा परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येतो असं काही नाही. तरी तुमची तपासणी 'हो'च म्हणणार. लॉगिनला अडकलेला शेतकरी सेटिंग धुंडाळत बसणार नाही, सरळ ॲप काढून टाकेल. नुसती सूचना दाखवा, बास.