गिटारचा पिकअप सदोष: कंपनीने गिटारी परत बोलवायला नकोत का? सल्ला हवा

मंद्रसप्तक: इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार (आत तारांचा आवाज टिपणारा पिकअप असलेली) घेऊन दोन वर्षं झाली. ॲम्पला जोडली की तिसरी-चौथी तार जवळजवळ गायब, शिवाय मधूनच खरखर. नुसती वाजवली तर सुरेल. त्याच मॉडेलच्या आणखी दोघांची हीच तक्रार आहे. कंपनी म्हणते, वॉरंटी संपली. मला वाटतं त्यांनी स्वतःहून गिटारी परत बोलवायला हव्यात. तोवर काय करू? फार तर दुरुस्तीपुरते पैसे आहेत, नवीन गिटार शक्य नाही. महिन्याभरात कार्यक्रम आहे.

सहा_तारा: सरळ नवीन घ्या. मी वरच्या रेंजमधली घेतली, एकदाही कुरकुर नाही.

खरजातला: बॅटरी बदलली का? ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज फाटतो. वाजवून झालं की केबल काढत जा. बहुतेक गिटारींत केबल घातली की प्रीॲम्प (पिकअपचा आवाज वाढवणारं आतलं सर्किट) चालू होतो, रात्रभर तशीच राहिली की बॅटरी उतरते.

मंद्रसप्तक: बॅटरी नवीच आहे. आणि बॅटरीचा दोष असता तर सहाही तारा बिघडल्या असत्या ना?

लाकूडकाम: दोनच तारा दबल्यात, तर सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात तो तुकडा) बघा. त्याखाली पिएझोची पट्टी असते, म्हणजेच तुमचा पिकअप, तिच्यावर दाब सगळीकडे सारखा पडावा लागतो. तळ किंचित वाकडा असला किंवा खाचेत भुसा अडकला तरी असं होतं. काचेवर बारीक सँडपेपर ठेवून तळ घासा, पण बेताने. जास्त घासलंत तर तारा खाली येऊन फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) थडथडतील. खरखर वेगळी: जॅकचा (केबल घालायच्या खोबणीचा) नट सैल झाला की जॅक फिरतो, आतलं सोल्डर सुटतं.

सहा_तारा: आधी बॅटरी बदला.

स्वरांजन: परत बोलावणं जिवाला धोका असेल तेव्हा. ९ व्होल्टने कुणाला काय होणार?

ऐनवेळी: माझा आवाज भर कार्यक्रमात गेला होता. सेवाकेंद्राने प्रीॲम्प बदलला, सहा महिन्यांत तोही गेला. जिवाचा धोका नसेल, पण दोष त्यांचा आहे. सदोष सीरियल नंबर जाहीर करून वॉरंटीबाहेरही फुकट दुरुस्त करून द्यावं.

स्वरांजन: हे पटलं. फक्त अख्खी गिटार मागवू नये, प्रवासात मान मोडते. सुटे भाग पाठवावेत.

खरजातला: साउंडहोलमध्ये (गिटारच्या पोटावरच्या भोकात) मॅग्नेटिक पिकअप लावा, काम झालं.

लाकूडकाम: ब्राँझच्या तारांत तो आतल्या पोलादी गाभ्यावरच चालतो, त्यामुळे पहिल्या दोन साध्या तारा जास्त वाजतात. नायलॉनवर तर चालतच नाही.

मंद्रसप्तक: सॅडल काढून पाहिलं. तळ सरळ आहे, खाच साफ आहे. जॅकही घट्ट आहे. दुसरं सॅडल बसवलं तरी त्याच दोन तारा दबतात, म्हणजे पट्टीच खराब. तरी पिकअप बदलणार नाही, तोच आमचा पुरावा आहे. तिघं मिळून सीरियल नंबरांसकट कंपनीला पत्र पाठवतोय. कार्यक्रमात माइक लावून वाजवेन.

ऐनवेळी: माइक साउंडहोलसमोर नको, घुमतो. १२ व्या फ्रेटच्या दिशेने लावा. पत्राला उत्तर आलं की इथे नक्की लिहा, माझाही नंबर त्यात घाला.